दहा कमी हजार किलो : कालव्यावरच्या एका बोटीचा कोळसा-हिशेब

११ डिसेंबर २०२२, रविवार संध्याकाळ. इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या माझ्या फ्लॅटवर दादाचा फोन आला. तो आणि वहिनी कालव्यावरच्या बोटीत राहतात. आवाज शांत होता, पण मी त्याला लहानपणापासून ओळखते. "दीड पोतं उरलंय," तो म्हणाला. "कोळशाची बोट उद्या यायची होती. तिच्या मालकाचा निरोप आलाय, येत नाही. कालव्यावर बर्फ धरलाय."

दीड पोतं म्हणजे सदतीस-अडतीस किलो. त्या आठवड्यात त्यांची शेगडी दिवसाला अकरा किलो कोळसा खात होती. हिशेब तोंडीच झाला : बुधवार संध्याकाळ. त्यानंतर दहा मिलिमीटरच्या पोलादी तळावर, गोठलेल्या पाण्यात, दोन माणसं आणि विझलेली शेगडी.

हे प्रकरण त्या एका हिवाळ्याचं आहे. वहिनींनी ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत एक वही ठेवली होती : कुठून आणलं, किती किलो, किती पाउंड, रात्री विस्तव राहिला की नाही. आपल्याकडच्या वाण्याच्या खातेवहीसारखी, दोन रकान्यांची. ती वही समोर ठेवून हे लिहिते आहे, कारण बोटीवर राहायला निघालेल्या दोन मराठी कुटुंबांनी मला गेल्या काही महिन्यांत एकच प्रश्न विचारला : "कोळसा कुठे स्वस्त मिळतो?" माझ्या मते हा प्रश्नच चुकीच्या जागी बोट ठेवतो. कोळशाच्या दराने त्या हिवाळ्यात दादा-वहिनींना फारसं मारलं नाही. कोळसा योग्य दिवशी बोटीवर नव्हता, याने मारलं.

बोट

बोट ५७ फूट लांब, ६ फूट १० इंच रुंद. ही रुंदी कुणाच्या आवडीची नाही. इंग्लंडच्या अरुंद कालव्यांवरची लॉक, म्हणजे पाण्याच्या पायऱ्या, अठराव्या शतकात सात फुटांच्या आसपास बांधल्या गेल्या आणि बोटी त्यांच्या मापाच्या झाल्या. आत शिरलं की आपल्याकडच्या रेल्वेच्या डब्यासारखं वाटतं : पुढे बसायची जागा, मग स्वयंपाक, मग न्हाणी, शेवटी झोपायची खोली. शेगडी पुढच्या टोकाला. बिडाची, गुडघ्याएवढी, साडेचार-पाच किलोवॉटची. तिची ऊब मागच्या खोलीपर्यंत पोचेस्तोवर अर्धी झालेली असते.

दादा-वहिनींनी २०२२च्या उन्हाळ्यात ही बोट जुनी घेतली. त्यांची कायमची बांधायची जागा नाही. अशा बोटीला परवान्याच्या अटीनुसार साधारण चौदा दिवसांत पुढे सरकावं लागतं. १९९५च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्यातली ही तरतूद आहे, आणि आता कालवे सांभाळणारा कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट ती पाळून घेतो. कोळशाच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच की आज जे दुकान पाच मिनिटांवर आहे ते पंधरा दिवसांनी पाच मैलांवर असतं. घरात राहणाऱ्या माणसाला हे चटकन उमगत नाही. मलाही नव्हतं उमगलं.

ऑक्टोबर : फुकटचं लाकूड

पहिली थंडी पडली तेव्हा दोघं खुशीत होते. काठच्या पायवाटेवर वादळात पडलेल्या फांद्या असतात. दादाने करवत घेतली, विलो आणि अ‍ॅश या झाडांच्या ढलप्या केल्या, छतावर रचल्या. फुकट इंधन! आमच्या आजीच्या वाईच्या घरी न्हाणीतला तांब्याचा बंब असाच पेटायचा : चिपाडं, काटक्या, वर दोन गोवऱ्या. दादाच्या मनात तेच होतं.

पण बंबात ओलं लाकूड घातलं तर धूर होतो, पाणी उशिरा तापतं, आणि तेवढ्यावर भागतं. बोटीवर भागत नाही. ताज्या लाकडात निम्म्याच्या आसपास पाणी असू शकतं. ते पाणी उकळवण्यात आच खर्च होते, शेगडीतली हवा थंड राहते, आणि न जळलेला धूर नळीत डांबर होऊन चिकटतो. बोटीचं धुराडं छोटं असतं, कारण पुलांखालून जायचं असतं. घराच्या उंच धुराड्यासारखी ओढ त्याला नसते. तीन आठवड्यांत त्यांच्या बोटीच्या क्रीम रंगाच्या बाजूवर तपकिरी ओघळ उतरला, काकवीसारखा. वहिनींनी तो घासायचा प्रयत्न केला. तो गेला नाही, अजूनही आहे.

इंग्लंडमध्ये १ मे २०२१पासून दोन घनमीटरपेक्षा कमी लाकूड विकायचं तर त्यात २० टक्क्यांहून जास्त ओल चालत नाही. पोत्यावर 'रेडी टू बर्न' असं चिन्ह असावं लागतं. त्याच नियमांनी पोत्यातून मिळणारा साधा धुराचा घरगुती कोळसा बंद केला, आणि सुटा विकणाऱ्यांनाही २०२३च्या मेपर्यंतचीच मुदत दिली. स्वतः तोडलेल्या फांदीला कायदा काही म्हणत नाही. शेगडी म्हणते.

मग दादाने पेट्रोल पंपावरून सुकं लाकूड आणायला सुरुवात केली, जाळीच्या पिशवीत, ७ पाउंडाला एक. वहिनींनी एक पिशवी मासे तोलायच्या काट्यावर तोलली : आठ किलो. हिवाळाभर अशा चौदा पिशव्या झाल्या, म्हणजे ९८ पाउंड. आता आचेचा हिशेब. सुक्या लाकडाच्या किलोत साधारण ४ युनिट ऊर्जा. शेगडी त्यातली पासष्ट टक्के खोलीत देते असं धरलं तर २.६. म्हणजे खोलीत पोचलेल्या एका युनिटाला सुमारे ३४ पेन्स. त्या हिवाळ्यात सरकारने बांधून दिलेला विजेचा भावही ३४ पेन्सच होता. पंपावरची लाकडाची पिशवी म्हणजे विजेच्या भावाची ऊब. पेटवणासाठी ती उत्तम आहे. रात्र काढण्यासाठी ती घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

त्याच पंपावर दादाने बिनधुराच्या कोळशाची दहा किलोची तीन पोती घेतली, साडेदहा पाउंडाला एक. हा कोळसा म्हणजे अँथ्रासाइट या कडक कोळशाची वगैरे पूड दाबून केलेल्या अंड्याएवढ्या गोळ्या. किलोत साधारण ८ युनिट, लाकडाच्या दुप्पट. त्याच पासष्ट टक्क्यांनी एका युनिटाला २० पेन्स. कोळशाच्या बोटीवरून घेतला तर पंचवीस किलोचं पोतं १८ पाउंडाला होतं, म्हणजे १४ पेन्स. एकच माल, विकत घेण्याच्या जागेने एवढा फरक. भाव आधीच चढलेले होते. रशियाचा कोळसा ब्रिटनने ऑगस्ट २०२२पासून बंद केला होता आणि सगळंच इंधन महाग होतं.

पोत्यावर जे लिहिलेलं नव्हतं

नोव्हेंबरमध्ये दादाला एका इंधनाच्या वखारीत सहा पोती मिळाली, १४ पाउंडाला एक. बोटीपेक्षा चार पाउंड कमी. पोत्यावर 'बिनधुराचा' लिहिलेलं होतं, 'रेडी टू बर्न'चं चिन्ह होतं. विकणाऱ्याने काही खोटं सांगितलं नाही. पण पोत्याच्या मागे बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती : उघड्या चुलाण्यासाठी. ती वाचली गेली नाही.

या मालात पेट्रोलियम कोक भरपूर होता. तेलशुद्धीकरणातून उरणारा हा पदार्थ झकास जळतो, राख जवळजवळ ठेवत नाही. उघड्या चुलाण्यात ते चांगलंच. बंद शेगडीत मात्र खालून हवा मिळाली की जाळीजवळ आच फार चढते, आणि जाळीला वाचवणारा राखेचा पातळ थरही नसतो. शेगडीच्या पुस्तिकेत पेट्रोलियम कोक वापरू नका असं लिहिलेलं होतं. ती पुस्तिका जुन्या मालकाने दिलेल्या कागदांत, तळाशी होती.

पहिले आठ दिवस वहिनींच्या वहीत आनंदच आनंद आहे : "खोली २४ अंश." "रात्री विस्तव राहिला." नवव्या दिवशी : "राख झाडायची कांडी फिरत नाही." बिडाची जाळी मधोमध बसली होती, खोलगट, पत्रावळीसारखी.

दोष एकट्या कोळशावर टाकू नये असं मला वाटतं. त्या दिवसांत राखेचा ट्रे दोनदा काठोकाठ भरलेला राहिला होता. राख जाळीला खालून टेकली की जाळी थंड करणारी हवाच बंद होते, मग कुठलाही कोळसा जाळी वाकवू शकतो. दोन्ही कारणं एकाच आठवड्यात होती आणि ती वेगळी काढता येत नाहीत. पण शिकायचं ते शिकता येतं : ते चिन्ह धुराबद्दल आणि गंधकाबद्दल सांगतं. तासाला पाच ग्रॅमपेक्षा कमी धूर, दोन टक्क्यांपेक्षा कमी गंधक, एवढंच त्याचं आश्वासन आहे. तुमच्या शेगडीला ते इंधन मानवेल की नाही, हे त्याच्या कक्षेतच नाही.

नवी जाळी ४२ पाउंडांची. सहा पोत्यांवर वाचले होते २४ पाउंड.

आणखी एक गोष्ट त्यांनी तेव्हाच बंद केली. ओलसर लाकूड आणि गंधक असलेला कोळसा ते एकत्र जाळत होते. लाकडातलं पाणी आणि कोळशातलं गंधक नळीत भेटले की आम्ल तयार होतं आणि पोलादी नळी आतून खातं. हे दिसत नाही, वास येत नाही, आणि एक दिवस नळीला भोक पडलेलं सापडतं. शेजारच्या बोटीवरच्या एका म्हाताऱ्या बाईंनी वहिनींना हे सांगितलं, तेही आपली काढून ठेवलेली जुनी नळी दाखवून.

बर्फ

आता परत डिसेंबरकडे. पहिल्या आठवड्यात कोळशाच्या बोटीवरून तीन पोती घेतली होती. ही बोट म्हणजे जुनी मालवाहू बोट. पोती, गॅसच्या टाक्या, डिझेल, पेटवणाच्या काड्या घेऊन ती ठरलेल्या टप्प्याने फिरते आणि पोतं थेट तुमच्या छतावर ठेवते. कालव्यावर राहणाऱ्यांसाठी ही सेवा किती मोलाची आहे हे मी त्या आठवड्यात पाहिलं. तिचा मालक पोतं देताना दादाला म्हणाला होता, "तीन कशाला, सहा घ्या." दादाने घेतली नाहीत. पुढच्या फेरीला घेऊ, छतावर जागा नको अडायला, असा विचार होता.

७ डिसेंबरच्या सुमाराला थंडी आली आणि दहा दिवस हलली नाही. दादाची बोट तेव्हा कॉसग्रोव्हच्या उत्तरेला यार्डली गोबियनच्या बाजूला बांधलेली होती. दोन्हीकडे शेतं, सुंदर जागा. जवळचा गाडीचा पूल सव्वा किलोमीटरवर. रविवारपर्यंत पाण्यावर बर्फाचा पापुद्रा दोन बोटं जाड झाला.

बर्फ फोडून बोट का येत नाही, असं मी विचारलं होतं. कोळशाची बोट जड असते, तिला ते जमलंही असतं. पण फुटलेल्या बर्फाच्या फळ्या बाजूला ढकलल्या जातात आणि काठाला बांधलेल्या इतर बोटींवर आदळतात. पोलादी बोटीचा काळा लेप खरवडला जातो. लाकडी किंवा फायबरच्या बोटीला तर भोक पडू शकतं. म्हणून शहाणा नाविक बर्फात बोट हलवत नाही. त्याचा न येण्याचा निर्णय बरोबर होता, हे मला लिहून ठेवावंसं वाटतं, कारण त्या आठवड्यात काही लोक त्याच्यावर चिडले होते.

या कालव्याच्या इतिहासात हे नवं नाही. इंग्लंडचे कितीतरी कालवे मुळात कोळशासाठीच खोदले गेले. १७६१ साली ब्रिजवॉटरच्या ड्यूकच्या कालव्याने वर्स्लीच्या खाणीतला कोळसा मँचेस्टरकडे आणला आणि शहरातला कोळशाचा भाव निम्म्यावर आला. त्यानंतर देशभर कालव्यांची लाट आली. १९६२-६३च्या हिवाळ्यात कालवे आठवडेच्या आठवडे गोठले, बोटी माल घेऊन जागच्या जागी उभ्या राहिल्या, गिऱ्हाईकं लॉऱ्यांकडे गेली आणि पुष्कळशी परत आलीच नाहीत. तरी अ‍ॅदरस्टनहून साउथॉलच्या जॅमच्या कारखान्याला कोळसा नेणाऱ्या बोटी याच ग्रँड युनियन कालव्यावरून, दादाची बोट बांधली होती तिथूनच, १९७०पर्यंत जात होत्या. ज्या पाण्यावरून टनावारी कोळसा गेला त्या पाण्यावर माझा भाऊ दीड पोत्यावर दिवस मोजत होता.

सोमवारी सकाळी मी बागकामाच्या एका दुकानातून वीस किलोची चार पोती घेतली, १९ पाउंडाला एक. पुलापाशी गाडी लावली. दादा सामान ओढायची दोन चाकांची गाडी घेऊन आला. पायवाटेवर रात्रीचा बर्फ पडलेला, खाली चिखल गोठून दगड झालेला. एका खेपेला दोन पोती. दुसऱ्या खेपेला चाक पायवाटेच्या कडेवरून घसरलं आणि पोतं बर्फावर पडलं, आणि बर्फ फुटला नाही! पोतं तसंच पाण्यावर बसून राहिलं. दादाने आकड्याच्या काठीने ते ओढून घेतलं. मी थरथरत होते, थंडीने की भीतीने ते सांगता येणार नाही. त्याच्या जागी तो स्वतः घसरला असता, आणि एकटा असता, तर? हिवाळ्यात कालव्यात पडणं म्हणजे काय हे तिथे राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. गुरुवारी आणखी चार पोती, पुन्हा दोन खेपा.

एकूण १६० किलो, ९५ पेन्स किलोने. कोळशाच्या बोटीपेक्षा ३७ पाउंड जास्त गेले. पण वहिनींच्या वहीत त्या पानावर ३७चा आकडा नाहीच. तिथे लिहिलंय : "ह्यांची पाठ धरली. ताईंना ताप."

राखेची बादली

त्याच आठवड्यात, १४ तारखेच्या रात्री, आणखी एक गोष्ट घडली. इंधनखरेदीशी तिचा थेट संबंध नाही, पण जास्त कोळसा म्हणजे जास्त राख, म्हणून ती इथलीच आहे.

राखेची बादली ते नेहमी बाहेर, पुढच्या डेकवर ठेवत. त्या रात्री बाहेर झाकण गोठून बसलं होतं, म्हणून दादाने राख झाकणाच्या डब्यात काढली आणि डबा आतच, पायरीपाशी ठेवला. राख करडी दिसत होती. तिच्या पोटात गोळ्या लाल होत्या. त्यातच थंडीने कंटाळून वहिनींनी छतावरच्या एका वायुछिद्रात टॉवेल कोंबलेला होता.

रात्री एकच्या सुमाराला कार्बन मोनॉक्साइडचा गजर वाजला. दादाने दार उघडलं, डबा बाहेर फेकला, दोघं कांबळी घेऊन डेकवर उभे राहिले. वहिनींचं डोकं दुखत होतं, पण त्या ते थंडीवर टाकत होत्या.

"वहिनी, तुम्ही मला तेव्हाच फोन का नाही केलात?" मी नंतर विचारलं.

"काय सांगणार होते? टॉवेल कोंबला म्हणून?" असं म्हणून त्या गप्प बसल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "आपल्याकडे बंद खोलीत शेगडी ठेवून माणसं गेल्याच्या बातम्या दरवर्षी वाचतो की हो आपण. मी वाचलेल्या आहेत. आणि तरी मी तो टॉवेल घातला."

तो गजर बोटीवर असणं १ एप्रिल २०१९पासून बोट-सुरक्षा तपासणीच्या अटींत आहे. जुन्या मालकाने तो त्या अटीमुळेच लावलेला होता. दादा-वहिनींनी स्वतःहून तो विकत घेतला असता का, याचं उत्तर दादा देत नाही. दुसऱ्या दिवशी त्याने दुसरा गजर झोपायच्या खोलीत लावला. डेकवर विटेवर ठेवायची पत्र्याची बादली घेतली, आणि राख आता पूर्ण थंड होईपर्यंत तिथेच असते, पाऊस असो की बर्फ.

जानेवारी

जानेवारीच्या मध्यावर थंडी पुन्हा आली, पण तेव्हा बोटीवर दहा पोती होती. नाताळच्या सुमाराला बर्फ वितळला, जानेवारीत कोळशाची बोट आली, आणि दादाने या वेळी एका फेरीत अडीचशे किलो घेतलं. पाच पोती पुढच्या डेकवर ताडपत्रीखाली, पाच छतावर. पोत्यांना हवेची भोकं असतात, त्यातून पाणी शिरतं. छतावरची पोती म्हणून भोकं खाली करून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवली. एक किलो पाणी वाफ करायला सुमारे पाऊण युनिट ऊर्जा लागते. ती तुमच्या खोलीतली ऊब असते.

रात्र काढायचं तंत्रही त्यांना तोवर साधलं होतं. लाकूड राखेच्या गादीवर वरच्या हवेने जळतं. या गोळ्यांना हवा खालून लागते, जाळी मोकळी लागते. झोपण्याआधी जाळी झाडायची, ट्रे रिकामा करायचा, गोळ्या मागच्या भिंतीला लावून उंच भरायच्या, दहा-पंधरा मिनिटं चांगल्या पेटू द्यायच्या, मग खालची झडप जवळजवळ बंद. सकाळी झडप उघडली की पुन्हा लाल. पेटण्याआधीच झडप बंद केली तर नळी थंड पडते आणि वायू खोलीत येऊ शकतो, म्हणून ती पंधरा मिनिटं ढकलायची नाहीत, कितीही झोप आली असली तरी. आमची आजी रात्री चुलीतले निखारे राखेखाली झाकायची आणि पहाटे फुंकणीने जागे करायची. त्याला ती विस्तव राखणं म्हणायची. दादाने मला ही पद्धत फोनवर समजावली तेव्हा तोही तेच शब्द वापरत होता.

जानेवारीच्या पानांवर वहीत फार काही नाही. "९ किलो. विस्तव होता." "८ किलो. विस्तव होता." मला ती पानं सगळ्यात आवडतात.

बेरीज

ऑक्टोबर ३० किलो, नोव्हेंबर १५०, डिसेंबर २३५, जानेवारी २५०, फेब्रुवारी २००, मार्च १२५. एकूण ९९० किलो, ७३५ पाउंड ५० पेन्स. पाच टक्के कर यातच आला, घरगुती इंधनाला तेवढाच लागतो.

आता समजा, सगळाच्या सगळा माल पहिल्या दिवसापासून कोळशाच्या बोटीवरून १८ पाउंडाने घेतला असता. खर्च झाला असता सुमारे ७१३. फरक २३ पाउंडांचाही नाही. पंपावर आणि बर्फात जे जास्त गेलं त्यातलं बरंचसं वखारीच्या स्वस्त पोत्यांनी भरून काढलं होतं. जाळी धरली तरी एकूण तोटा पासष्टच्या आत. सहा महिन्यांच्या हिशेबात दोघांच्या एका जेवणाचा खर्च. हा आकडा काढल्यावर मी वही मिटून बराच वेळ बसले, कारण मला वाटलं होतं तो शेकड्यांत निघेल. त्या हिवाळ्यात जे खरोखर घडलं, म्हणजे पाठ, ताप, पायवाटेवरचं घसरलेलं चाक, ते सगळं एका निर्णयातून आलं : पोती घेता येत होती त्या दिवशी तीनच घेतली.

पैशाची एक खरी तफावत मात्र दुसरीकडे होती. त्या हिवाळ्यात सरकारने प्रत्येक घराच्या वीजबिलातून एकूण ४०० पाउंड वळते केले. माझ्या फ्लॅटच्या खात्यावर ते महिन्याला ६६-६७ करून आपोआप आले, मी बोटही न हलवता. दादा-वहिनींना वीजकंपनीचं खातंच नाही. फेब्रुवारीच्या अखेरीला वेगळा अर्ज निघाला, त्याला राहण्याचा कायमचा पत्ता लागत होता. त्यांची टपालं माझ्याकडे येतात, पण माझा पत्ता त्यांचं घर नाही, आणि खोटं लिहायला दोघांनी नकार दिला. त्यांना ते पैसे मिळाले नाहीत. ते चारशे म्हणजे त्यांचा निम्म्याहून जास्त कोळसा होता. जे लोक थंडीत सगळ्यात उघड्यावर होते त्यांनाच मदत पोचली नाही, याचा मला आजही राग आहे.

पुढचा हिवाळा

२०२३च्या ऑगस्टमध्ये, कपाळावरून घाम गळत असताना, दादाने कोळशाच्या बोटीला हात केला. मालकाने उन्हाळ्याचा भाव लावला, पोत्यामागे एक पाउंड कमी. पंधरा पोती उतरली, सगळी पुढच्या डेकवर. बोटीचं नाक दीड इंच खाली गेलं आणि स्वयंपाकघरात मांडलेली वाटी हळूहळू पुढे सरकू लागली. मग सहा पोती मागच्या टोकाला नेली, दोन डावीकडून उजवीकडे केली, आणि वाटी थांबेपर्यंत वहिनी आतून सांगत राहिल्या, "अजून थोडं. अजून. हां, आता राहू द्या."

वहीचं नवं पान त्या दिवशी सुरू झालं. तारीख, ३७५ किलो, २५५ पाउंड, आणि तिसरा रकाना त्यांनी पहिल्यांदाच आखला होता : बोटीवर शिल्लक. त्यात शंभर किलोच्या जागी लाल रेघ आहे. साठा त्या रेघेवर आला की दुसऱ्या दिवशी मागवायचा, मग आभाळ कितीही निरभ्र असो.